बी नसलेल्या द्राक्षाचं तेल

सकाळच्या चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात ‘हल्ली माझे केस फार गळतायत’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नये. पाकीट मारलं गेलं असं सांगितलं तर बायका हळहळतात आणि आपापल्या पर्सा पोटाशी धरतात. केस गळतायत म्हटलं की मात्र प्रत्येकीच्या अंगात वैद्य संचारतो. मी दहिसरला चढता चढता बोलून गेले. कांद्याचा रस, मेथीची पेस्ट, माका, जास्वंद, तांदळाचं धुवण हे सगळं बोरिवली यायच्या आत झालं. कांदिवलीला चढणाऱ्या एकीने आपली जाडजूड वेणी पुढे घेतली आणि निकाल दिला, “ग्रेपसीड ऑइल. बाकी सगळं सोड.” म्हणजे द्राक्षाच्या बियांचं तेल. त्या वेणीपुढे कोण काय बोलणार?

रात्री लेकीच्या कानावर घातलं, तर तिने जेवताजेवता डाव्या हाताने ऑर्डर टाकली. मोठ्या खोक्यात छोटं खोकं, त्यात कागदाचा कीस आणि त्या किसात खोकल्याच्या औषधाएवढी बाटली. किंमत मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितली नव्हती. त्यांनी खोकं उलटून, चष्मा लावून स्वतः वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

आमच्या सासूबाई निफाडच्या. द्राक्ष हा विषय त्यांच्यापुढे काढायचा नसतो.

“अगं, आमच्या द्राक्षात बी असते कुठे? थॉमसन घे, सोनाका घे, सगळी बिनबियांची. मग हे तेल काढलं कशाचं?”

लेकीने फोनमध्ये डोकं खुपसून उत्तर शोधलं. वाइनच्या द्राक्षांत बिया असतात. रस काढून झाला की खाली चोथा उरतो, त्यातल्या बिया वेगळ्या करायच्या, वाळवायच्या आणि त्यांचं तेल काढायचं.

“म्हणजे दारूच्या भट्टीतलं?” आई म्हणाल्या. तेव्हापासून बाटली देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवायची नाही, असा नियम झाला.

ह्यांना हिशेबाची हौस. वाळलेल्या बीत तेल निघतं दहा-पंधरा टक्के, म्हणजे या १०० मिलीसाठी जवळजवळ किलोभर बिया लागल्या असणार, असं त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवलं. शिवाय बाजारातलं बरंचसं तेल हेक्झेन नावाच्या द्रावकाने ओढून काढतात, नुसतं दाबून काढलेलं महाग पडतं, हेही सांगितलं. आपलं कुठलं, ते बाटलीवर इतक्या बारीक अक्षरात होतं की तिघांच्या तीन चष्म्यांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर थांबायचं, अंगाला मानवतं का बघायचं, असा लेकीचा दंडक. मी थांबले. काही झालं नाही. मग चेहऱ्याला लावलं, आणि इथे मात्र खरं बोललं पाहिजे. तेल झकास आहे. ना वास, ना चिकटपणा, दोन मिनिटांत कातडीत जिरतं. मालिशवाले हे तेल का वापरतात ते लगेच कळलं. मुंबईच्या दमट हवेत हा गुण थोडाथोडका नव्हे. मे महिन्यात तोंडाला खोबरेल लावून लोकलमध्ये उभं राहिलं तर आपला चेहरा शेजारणीच्या बाहीवर उमटतो. कोपरं मऊ झाली, टाचांची खरखर गेली, ह्यांनी दाढीनंतर चोरून लावलं तेही मला वासावरून नाही, बाटलीतल्या पातळीवरून कळलं.

केसांची गोष्ट निराळी. केसांना चमक आली, कंगवा सरसर फिरायला लागला, आणि गळायचे ते गळतच राहिले. लेक म्हणाली, असं कसं, जपानमध्ये १९९८ साली सिद्ध झालंय. पुढचं वाचल्यावर तिचा आवाज बारीक होत गेला. तो प्रयोग द्राक्षबियांच्या अर्कातल्या प्रोअँथोसायनिडिन या द्रव्याचा. ते पाण्यात विरघळतं, तेलात जवळपास उतरतच नाही. केस वाढले होते ते उंदरांचे. अर्काने मिळवलेली कीर्ती तेल खुशाल मिरवतंय! डॉक्टरीणबाईंनी तर तेलाचं नाव ऐकून नुसतं हूं केलं आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड लिहून दिलं. तेलाने केस मऊ होतील, नवे उगवणार नाहीत, म्हणाल्या.

यानंतर जे निघालं त्याने आई आठवडाभर खूश होत्या. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि केसातलं प्रथिन कमी झिजतं, हे २००३ साली मुंबईतल्याच संशोधकांनी दाखवलं. सूर्यफुलाच्या तेलाला ते जमलं नव्हतं. आणि द्राक्षबीचं तेल सूर्यफुलाच्याच भावकीतलं, दोन्हींत भर लिनोलिक नावाच्या मेदाम्लाचा. द्राक्षबीत ते ७० टक्क्यांच्या आसपास. आता हाच आकडा आपल्याकडे कुणाचा? करडईचा! सोलापूरकडच्या, मराठवाड्यातल्या ज्या करडईचं तेल घाण्यावरून डब्यात आणायचं आणि मुलांनी नाक मुरडायचं, तिचा. करडईचं नशीब इतकंच फुटकं की ती फ्रान्समध्ये पिंपात मुरली नाही.

“मी काय सांगत होते?” आई म्हणाल्या. त्यांनी यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. पण घरात ज्येष्ठ माणसाला एवढी सूट असते.

उरलेल्या तेलाचं काय करायचं, हा प्रश्न होता. फोडणीला चालतं म्हणतात, पण ते खाण्याचं वेगळं मिळतं. आमच्या बाटलीवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ हे एवढंच ठळक छापलेलं. ठेवून द्यावं तर हे तेल उजेडात, उकाड्यात लवकर खवट होतं, आणि आमच्या वन रूम किचनमध्ये उजेड आणि उकाडा नसलेली जागा म्हणजे फ्रिज. तिथे आईंनी मज्जाव केला. दुधाशेजारी भट्टीतलं नको. शेवटी ह्यांनी ते स्वयंपाकघराच्या दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीत ओतलं. आठ दिवस दार मुकाट्याने फिरलं. मग ते तेल हवेने घट्ट होऊन बिजागरीत असं काही चिकटलं, की आता दार करकरतही नाही आणि उघडतही नाही. खांदा लावावा लागतो.

लेकीच्या फोनवर सध्या डाळिंबाच्या बियांचं तेल येऊन बसलंय. मी स्पष्ट नाही म्हणणार होते, पण आईंनी मध्येच विचारलं, “केवढ्याला आहे गं? डाळिंबात निदान बी तरी असते.”