सीट काढा, मी माझी घेऊन आलेय!

जिममधलं छाती पुढे ढकलायचं मशीन, चेस्ट प्रेस, बसून करायचं. शोल्डर प्रेस बसून. लॅट पुलडाउन, म्हणजे वरचा दांडा खाली ओढायचं, तेही बसून. हँडल पोटाकडे ओढायच्या सीटेड रोच्या तर नावातच बसणं आहे. आणि मी, सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री आडवी होईपर्यंत व्हीलचेअरवर बसलेलीच असते, मला यातल्या एकाही मशीनवर व्यायाम करता येत नाही. का? तर तिथे आधीच एक सीट ठोकलेली आहे! चार बोल्ट. सीट बाजूला सरकवून व्हीलचेअर थेट आत घेता येते अशी मशीन्स बनतात हो, मी काही चंद्र मागत नाहीये.

ट्रेनर म्हणतो, "ताई, उचलून टाका ना स्वतःला सीटवर, तेवढाच व्यायाम." अरे बाबा, स्वतःला उचलायचं म्हणजे अख्ख्या अंगाचा भार त्याच खांद्यांवर, जे दिवसभर चाकं ढकलतात. ढकलून ढकलून छाती आणि खांद्याची पुढची बाजू आखडते, पाठ मागे पडते, खांदे पुढे झुकतात आणि मग आतले स्नायू घासून दुखायला लागतात. म्हणून तर मला ओढायचे व्यायाम हवेत! तुमचा खांदा दुखला तर तुम्ही आठवडाभर जिमला येणार नाही. माझा दुखला तर मी संडासला कशी जाऊ? शिवाय ती सीट वीतभर रुंद, बाजूला धरायला काही नाही, कमरेवर ताबा नसला की माणूस पोत्यासारखा कलंडतो. आणि माझी जाड उशी खुर्चीतच राहते. जिथे संवेदनाच नाही तिथे जखम झालेली कळते कधी, तर चिघळल्यावर.

उरलं काय, तर केबल मशीन. दोन खांब, वरखाली होणारी पुली, सीट नाही. देवासारखं मशीन! पण त्याच्यासमोर कायम कुणाची तरी बॅग, बाटली आणि टॉवेल पसरलेला. व्हीलचेअर वळवायला दीड मीटर मोकळी जागा लागते, इथे दीड फुटाची मारामार. काल बॅगा हटवून पोचले, तर पुली पार वरच्या टोकाला. माझा हात पोचत नाही. हेडफोनवाल्या मुलाला खूण केली, तर त्याने हसून अंगठा दाखवला. मला वाटतं त्याला वाटलं मी त्याच्या दंडांचं कौतुक करतेय.

शेवटी पुली खाली आली. ब्रेक लावले, हँडल धरलं, ओढलं, आणि वजन माझ्याकडे यायच्या ऐवजी मीच खुर्चीसकट वजनाकडे घसरत गेले. फरशी इतकी गुळगुळीत! चाकांपुढे वीस किलोच्या दोन प्लेट लावल्या की प्रश्न मिटतो, पण त्या मीच मागायच्या, मीच समजावायचं, रोज.

बोटांत पकड नाही त्यांचे हाल तर विचारूच नका. हात हँडलला बांधायचे पट्टे मागितले तर नाहीत. पायाला बांधून मागे लाथा मारायचे पट्टे मात्र सहा जोड्या!

मणक्याच्या दुखापतीवाल्यांसाठी 2018 साली आंतरराष्ट्रीय शिफारशी आल्या, त्यात आहे: आठवड्यातून दोनदा, चालू असलेल्या प्रत्येक मोठ्या स्नायूगटाचे तीन सेट. तीन सेट मी हसत मारीन. त्या तीन सेटपर्यंत पोचण्यातच अर्धा जीव जातो त्याचं काय?

आणि वर ते कौतुक! "तुम्हाला बघून किती प्रेरणा मिळते." मिळाली ना? मग ती बॅग उचला आधी.

मालक म्हणे, "जागा बदलता येणार नाही, मशीन्स फिक्स आहेत." गेल्या महिन्यात फोटो काढायला भिंतभर आरसा लावला, तेव्हा तीच मशीन्स एका दुपारीत हलली होती. बरं. चेस्ट प्रेसचे चार बोल्ट मी नीट बघून ठेवलेत. पाना घरात आहे.