तो टॉर्च आधी बंद करा!

अमावास्येची रात्र निवडायची, शहरी उजेडापासून दूर वाळवंटात गाडी न्यायची, ट्रायपॉडचे पाय वाळूत घट्ट रोवायचे आणि बराच वेळ उघडे ठेवायचे कॅमेऱ्याचे शटर उघडून 10 सेकंद होतात न होतात तोच एखाद्या मित्राने पाण्याची बाटली शोधण्यासाठी मोबाईलचा टॉर्च पेटवायचा, याला रात्रीचे छायाचित्रण म्हणायचे का? डोळ्यांना अंधाराची पुरेशी सवय व्हायला 20 ते 30 मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सारी तपश्चर्या क्षणात मातीमोल होते, हे शहाण्यासुरत्या माणसांना प्रत्येक सहलीत नव्याने का सांगावे लागते? डोळ्यांची ही सवय फारशी न मोडणारा लाल दिवा वापरा म्हटले की सगळे मान डोलावतात. तो दिवा मात्र (अर्थातच) बॅगेच्या तळाशी असतो आणि तो शोधायला पुन्हा पांढराच टॉर्च लागतो. एकाला चार्जर हवा असतो, म्हणून गाडीचे दार उघडते आणि आतला दिवा लागतो. दुसरा तत्परतेने गाडी लॉक करतो आणि चारही इंडिकेटर लुकलुकतात. कहर म्हणजे, ज्याने झोत टाकला तोच कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावून निरागसपणे विचारतो, "अरे, ही वाळू एवढी पांढरीफटक का आली आहे?"