तो ०.४४ कुठून आला?

आमची छोटी टीम दूध संकलन केंद्रांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतो, पावतीवर लिटर, फॅट, डिग्री (दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचं रीडिंग), एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) छापून येतं आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. या कामात एआय कोडिंग असिस्टंट आम्ही रोज वापरतो आणि त्याने आमचं काम खरंच हलकं केलंय. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कोणाचा गैरसमज व्हायला नको.

मध्यंतरी त्याला एसएनएफ काढणारं एक जुनं फंक्शन नीट करायला दिलं. सूत्र असं: डिग्री भागिले ४, अधिक फॅटची पावपट, अधिक ०.४४. असिस्टंटने फंक्शन सुटसुटीत लिहिलं, टेस्ट लिहिल्या आणि जाता जाता ०.४४ चं ०.३५ करून टाकलं. कारणही दिलं: हा आकडा कुठून आला याची कोडमध्ये नोंद नाही, सूत्रात ०.३५ वापरतात. तेही खरंच आहे. दोन्ही आकडे वापरात आहेत. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाचा आहे आणि दूध संघाने कोणतं सूत्र धरलंय त्यावर ते ठरतं.

आता २९ डिग्री आणि ३.५ फॅटचं गाईचं दूध घ्या. जुन्या सूत्राने एसएनएफ ८.५६ च्या पुढे जातो, नव्याने ८.४८ च्याही खाली येतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली कपात लागते. म्हणजे दूध तेच, गाय तीच, आणि पहाटे उठून धार काढणाऱ्या बाईच्या बिलातून पैसे कापले गेले असते. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास होत्या, कारण त्या नव्या आकड्यावरच लिहिलेल्या होत्या. आमच्यातल्या एकीने सवयीप्रमाणे जुनी बिलं शेजारी ठेवून पडताळली, म्हणून वाचलो.

यात असिस्टंटला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ०.४४ हा संघाच्या सचिवांनी फोनवर सांगितलेला आकडा होता. तो फोन घेणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि कमिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलासोबतच्या टिपेत, एवढंच लिहिलेलं: "एसएनएफ दुरुस्त". कोड काय करतो हे कोडमध्ये दिसतं, गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) कोणी आणि कधी बदललं तेही दिसतं. का बदललं, ते मात्र माणसांच्या डोक्यात राहतं. असिस्टंट तर दर नव्या सत्रात कोऱ्या पाटीने येतो.

पहिला उपाय सगळे करतात तोच आम्ही केला. क्लॉड कोड, कर्सर यांसारखी एआय कोडिंगची साधनं सत्राच्या सुरुवातीला प्रोजेक्टमधली सूचनांची फाइल वाचतात. त्या फाइलीत आम्ही सगळं कोंबत गेलो. ती इतकी फुगली की महत्त्वाची ओळ मधेच हरवायची. लांबलचक मजकुराच्या मध्यावर असलेली माहिती मॉडेल नीट वापरत नाहीत, हे २०२३ च्या एका संशोधनात दिसलंही होतं.

म्हणून माझं ठाम मत झालंय: असिस्टंटला सगळं एकदम वाचायला देऊ नका, लागेल तेव्हा विचारता येईल असं एक साधन द्या. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (असिस्टंटला बाहेरची साधनं जोडायची एक ठरलेली पद्धत) खुला केल्यापासून हे अवघड राहिलेलं नाही. आम्ही त्यावर एक छोटा सर्व्हर लिहिला. त्याला दोनच गोष्टी येतात, जुना निर्णय शोधणं आणि नव्या निर्णयाचा मसुदा मांडणं. नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत, कोडच्याच रेपोमध्ये, म्हणजे कोड जिथे ठेवतो तिथेच. काय ठरलं, का ठरलं, कोणाच्या सांगण्यावरून आणि काय बदललं तर हे रद्द समजायचं. सूचनांच्या फाइलीत आता जेमतेम पानभर मजकूर उरलाय. त्यात एक ओळ आहे: दर, कपात किंवा बिलाच्या तारखांना हात लावण्याआधी निर्णय शोध.

नोंद पक्की करायचा अधिकार मात्र माणसाकडेच हवा, यावर मी अडून राहीन. असिस्टंटने स्वतःच्या अंदाजाची नोंद केली, तर पुढच्या सत्रात तोच अंदाज पुरावा म्हणून परत येतो. शिळी नोंद तर नोंद नसण्यापेक्षा घातक. आणि पासवर्ड, शेतकऱ्यांचे खाते क्रमांक यातलं काहीही तिथे जाता कामा नये.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो भाषेत. आमची गिऱ्हाइकं मराठीत बोलतात, नोंदीही मराठीतच होतात. पण एक जण "दर" लिहितो, दुसरा "भाव", तिसरा "रेट". कोणी देवनागरीत, कोणी रोमनमध्ये. नुसता शब्द जुळवून शोधलं तर निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत. शेवटी प्रत्येक नोंदीखाली "याला असंही म्हणतात" अशी एक ओळ सक्तीची केली. अर्थावरून शोधणारी यंत्रणा नंतर बसवली, पण त्या एका ओळीनेच बरंच काम झालं.

मागच्या आठवड्यात टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने असिस्टंटला सांगितलं, बिलाचा कालावधी सरसकट दहा दिवसांचा कर. असिस्टंटने आधी निर्णय शोधला आणि तो थांबला. त्याने दाखवलं: महिन्याचं तिसरं बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत असतं, ३१ च्या महिन्यात अकरा दिवसांचं, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ, सोबत नोंदीची तारीख आणि "तरीही बदलू का?" असा प्रश्न. मुलगा खुर्ची ओढून माझ्याकडे आला आणि तिसऱ्या बिलाबद्दल पंधरा मिनिटं विचारत बसला.

आमच्या नोंदीच्या फाइलीचा नमुना कोणाला हवा असेल तर खाली सांगा, पाठवतो.