परत खर्रर्र...

रविवार सकाळ, सगळं इंदिरानगर मिसळ खायला निघालंय आणि मी इथे हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, हेडफोन लावून बसलोय. 40 मीटरचा बँड मस्त उघडलाय, म्हणजे लांबलांबचे आवाज येतायत, 7 मेगाहर्ट्झवर समोरचा व्हीयू2वाला (म्हणजे भारतातलाच हॅम) कॉलसाइनची, म्हणजे त्याच्या रेडिओवरच्या ओळखीची, शेवटची दोन अक्षरं सांगतोय आणि... खर्रर्र. कट. गेला! परत विचारलं, परत तेच. त्याला वाटतं माझा अँटेना बोंबललाय. अरे बाबा अँटेना ठणठणीत आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींची बोलणी खाऊन गच्चीवर बांधलाय, रेडिओचा आवाज यूएसबीच्या वायरने लॅपटॉपमधून येतो, आणि तो गिळतोय हा लॅपटॉप!

बफर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवायची जागा, 256 सॅम्पल (तुकडे) ठेवला तर 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48000 तुकड्यांच्या वेगाला, जेमतेम 5 मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात वायफायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला की खेळ खल्लास. मग 2048 केला, म्हणजे साधारण 43 मिलिसेकंद, खरखर कमी झाली पण मोर्स पाठवताना स्वतःचीच टिकटिक वरातीमागून घोडं आल्यासारखी ऐकू येते. यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद केलं, हब काढून वायर थेट पोर्टात घातली, वायफायही बंद. दोन दिवस शांत. तिसऱ्या दिवशी अपडेट आलं आणि पॉवर सेव्हिंग परत चालू, मला न विचारता!!

बरं, हे सगळं जमलं तरी रेडिओचं घड्याळ वेगळं, लॅपटॉपच्या साउंड कार्डचं वेगळं, दोघांचे 48000 कधी तंतोतंत जुळत नाहीत, मग हळूहळू बफर रिकामा होतो आणि मध्येच टक्क. बायको म्हणते, एवढंच बोलायचंय तर फोन करा ना त्यांना.

काय सांगू आता हिला.