'लिटरली'ची वाट पोरांनी लावली म्हणे

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. लिटरली म्हणजे शब्दशः, पण आजकालची पोरं 'आय लिटरली डाइड' म्हणतात, २०१३ मध्ये डिक्शनरीवाल्यांनीही हात टेकले, आता अर्थ अधिकृतपणे उलटा झाला, आणि आपली मराठी बघा कशी चोख. खाली आठ जणांचे हात जोडलेले.

आजकालची पोरं म्हणजे नक्की कुठली हो? फ्रान्सिस ब्रूक नावाच्या बाईंच्या १७६९ च्या कादंबरीत हा वापर आहे, म्हणजे पानिपत होऊन जेमतेम आठ वर्षं झालेली. मार्क ट्वेनच्या कादंबरीतला टॉम सॉयर (१८७६) कुंपण रंगवायचं काम दुसऱ्या पोरांच्या गळ्यात मारतो आणि दुपारपर्यंत 'लिटरली' संपत्तीत लोळत असतो, संपत्ती काय तर गोट्या, पतंग आणि एक मेलेला उंदीर.

२०१३ चं म्हणाल तर त्या वर्षी नेटवर बोंब झाली एवढंच. ऑक्सफर्ड डिक्शनरीनं हा वापर १९०३ मध्येच नोंदवला होता, चुकीचा म्हणून शेरा मारून का होईना, आणि अमेरिकेतल्या वेबस्टर डिक्शनरीनं १९०९ मध्ये. त्याच १९०९ मध्ये अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकानं या शब्दावरून लोकांना झापलंही होतं, म्हणजे तुमची तक्रारसुद्धा पणजोबांच्या काळातली आहे. आणि डिक्शनरी म्हणजे काय हवालदार नाही, ती तलाठी आहे, शेतात जे पीक उभं दिसेल तेच सातबाऱ्यावर चढवणार.

अर्थ उलटा झाला हे तर साफ खोटं. 'मी लाक्षणिक अर्थाने मेले' असं कोण म्हणायला जातंय? तिथे लिटरली फक्त जोर द्यायला येतो. व्हेरी या शब्दाचाही मूळ अर्थ 'खरा', लॅटिन वेरुसपासून आलेला, तो घासून घासून नुसता 'फार' उरला तेव्हा काही कुणी फॉरवर्ड काढला नाही.

आता चोख मराठी. लॅटिनमध्ये लिटेरा म्हणजे अक्षर, म्हणजे लिटरली हा आपल्या 'अक्षरशः'चा सख्खा जुळा भाऊच. 'लोकलमध्ये अक्षरशः जीव गेला' हे सांगणारा माणूस चहा पीत सांगत असतो ना? आणि उलट्या अर्थाचंच वावडं असेल तर आपण नारळ फोडतो त्याला वाढवणं म्हणतो, दुकान वाढवलं म्हणजे शटर खाली, आणि निघताना दारात चपला घालत म्हणतो काय, तर 'येतो'.

एक मान्य, दर वाक्यात लिटरली ऐकलं की डोकं उठतं, माझी भाची तर श्वास घेतल्यासारखं म्हणते. पण ते कंटाळवाणं आहे, चूक नाही.

बाकी ग्रुप थोडा वर सरकवून बघा, फॉरवर्डवाल्या काकांचाच गेल्या आठवड्यातला मेसेज आहे, 'उकाड्याने अक्षरशः भाजून निघालो'. काका ठणठणीत आहेत, सकाळीच त्यांचा गुड मॉर्निंग आलाय.