कार्ड बदललं म्हणून फॉरमॅट कशाला?

सध्या एक फॉरवर्ड ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: "नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं की विंडोज फॉरमॅट करावीच लागते, नाहीतर जुना ड्रायव्हर नव्याशी भांडतो. स्क्रीन काळी पडली म्हणजे ड्रायव्हर बिघडला. ड्रायव्हर खोक्यातल्या सीडीतलाच टाका. आणि दर महिन्याला डीडीयू मारत जा." (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर, आणि डीडीयू म्हणजे ते मुळापासून पुसून काढणारं.) पाच हुकूम, आणि त्यातला एकच अर्धामुर्धा खरा.

तो भांडणाचाच. प्रत्येक कार्डात बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा क्रमांक नोंदलेला असतो. विंडोज तो वाचते आणि त्याला जुळणारा ड्रायव्हर चढवते. एनव्हिडियाचा क्रमांक १०डीई, एएमडीचा १००२, इंटेलचा ८०८६ (हो, १९७८ सालच्या त्यांच्याच प्रोसेसरचा आकडा). कार्डच काढून ठेवलं तर त्याचा ड्रायव्हर डिस्कवर नुसता पडून राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, 'शो हिडन डिव्हायसेस' केलं की जुनं कार्ड फिकट दिसतं आणि लोक घाबरतात. ती फक्त नोंद असते. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एका घरात नांदत नसते, तर इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक्स आणि एनव्हिडियाचं कार्ड असलेला एकही लॅपटॉप चालला नसता.

मग खरं काय? एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट गेलात, तर जुन्या कंपनीचं कंट्रोल सॉफ्टवेअर विंडोजबरोबर उठतं आणि कार्ड सापडत नाही म्हणून कुरकुरतं. कधीकधी नवा ड्रायव्हर बसताना अर्ध्यावर अडतो. तेव्हा डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, कामाचं. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. नेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मधे स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. मग सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी उठते ती अवस्था) जाऊन जुना साफ करा, मशीन बंद करा, कार्ड बदला आणि नवा ड्रायव्हर बसवा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. सेफ मोडच्या दारात ती मागितली गेली आणि जवळ नसली, तर फॉरवर्डवाल्यांना आयतंच 'बघा, सांगितलं होतं' म्हणायला मिळतं.

कंपनी तीच असेल तर एवढंही लागत नाही. एनव्हिडियाचंच जुनं जीटी ७१० काढून आरटीएक्स ४०६० बसवलं असं धरा. ७१० केप्लर पिढीचं, त्याला चालणारे ड्रायव्हर ४७० च्या शाखेवर थांबले. ४०६० आलं जून २०२३ मध्ये. त्या जुन्या ड्रायव्हरला हे कार्ड माहीतच नाही, म्हणून विंडोज 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'वर कामचलाऊ चित्र दाखवते: आयकॉन मोठाले, खिडकी ओढली की फरफटते. हे बघून लोक कॅबिनेट उचलून दुकान गाठतात. नवा ड्रायव्हर टाकताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर टिक केली की हे प्रकरण तिथेच मिटतं.

आता काळी स्क्रीन. फॉरवर्डमधली सगळ्यात महागात पडणारी ओळ हीच, कारण 'काळी कधी पडते?' हे कुणी विचारतच नाही. मशीन चालू करताच, मदरबोर्डचा लोगोही दिसण्याआधीपासून काळी असेल, तर ड्रायव्हरचा संबंधच नाही. तो विंडोजबरोबर चढतो, आणि विंडोज अजून आलेलीच नसते. आधी मॉनिटरची केबल बघा. ती सवयीने मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली सापडते, हसू नका. मग वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनची जोडणी आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. ४०६० ला ११५ वॉट लागतात, म्हणजे एसएमपीएसकडून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) वेगळी केबल हवीच. ७१० ला ती लागत नव्हती, म्हणून नव्यालाही लावायची राहून जाते.

लोगो दिसला आणि विंडोजचं चक्र फिरताना काळोख झाला, तर मात्र ड्रायव्हरवर संशय घ्या. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र आलं नाही तर सेफ मोड. तिथे कंपनीचा ड्रायव्हर चढतच नाही, त्यामुळे सेफ मोड नीट चालला तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, आणि तिथेही चित्र फाटत असेल तर दोष दुसरीकडे.

माझ्या मेहुण्याचं मशीन खेळताना क्षणभर काळं पडून परत यायचं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाच्या नोंदींची रांग. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा करते, त्याची ही नोंद. नोंदीत ड्रायव्हरचं नाव दिसतं म्हणून दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारलं. दोन्ही वेळा डेस्कटॉपवरचा टॅलीचा बॅकअप गेला; डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो हे मेहुण्याला दुसऱ्यांदाही कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी एसएमपीएस बदलला आणि ४१०१ दिसेनासा झाला. नोंदीत नाव असतं ते मार खाणाऱ्याचं, मारणारा वेगळा असू शकतो.

सीडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खोकं भरलं त्या दिवशी जो ड्रायव्हर होता तो तिच्यात असतो, आणि आता सीडी घालायला ड्राइव्ह तरी कुठे आहे? चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ताजा घ्या. दर महिन्याच्या डीडीयूचंही तसंच: नेहमीच्या अपडेटला इन्स्टॉलर पुरेसा आहे, बसलेली घडी दरमहा मोडायची नसते.

हे सगळं करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड ४३' (उपकरणाने बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं) राहिला, तर कार्ड एखाद्या मित्राच्या मशीनमध्ये घालून बघा. तिथेही ४३ आला, तर पेन ड्राइव्हवर विंडोज भरत बसू नका. बिल शोधा आणि वॉरंटीची तारीख बघा.