‘मयालिश’ ही नेमकी कोणाची नक्कल?

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. हंगेरियन चित्रकला म्हणजे म्युनिक-पॅरिसच्या शैलींची उशिरा केलेली नक्कल असून माझ्या लेखाने तिला उगाच डोक्यावर घेतले आहे, असा आपला आक्षेप आहे. हे चित्रकार शिकायला बाहेर जात, याबद्दल दुमत नाही. मात्र तिकडून त्यांनी नक्कलच आणली, तीही उशिरा, हे विधान सालांशी ताडून पाहिले तर टिकत नाही.

हंगेरियन चित्रकार पाल सिन्येई मेर्शे याने ‘मयालिश’ (मे महिन्यातले वनभोजन) हे चित्र १८७३ साली म्युनिकमध्ये रंगवले. पॅरिसमधले दृक्प्रत्ययवाद्यांचे, म्हणजे उघड्यावरचा प्रकाश रंगवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचे, पहिले प्रदर्शन भरले १८७४ साली. उन्हाने उजळलेला हिरवागार उतार, त्यावर वनभोजनाला बसलेली मंडळी, मधोमध गुलाबी पोशाखातली स्त्री आणि पुढे पालथा पडलेला, आपल्याकडे पाठ केलेला पुरुष, म्हणजे खुद्द चित्रकार. म्युनिकमध्ये ऐतिहासिक प्रसंगांची भव्य चित्रे शिकवणाऱ्या पिलोटीच्या या विद्यार्थ्याने गुरूचा तपकिरी अंधार इथे साफ झुगारला आहे. त्या काळी चित्राची कदर झाली नाही, तो गावी परतला आणि पुढे बरीच वर्षे त्याने जवळजवळ काहीच रंगवले नाही. सरकारने चित्र विकत घेतले ते १८९६ मध्ये.

मिहाय मुंकाचीच्या बाबतीत मात्र आपला आक्षेप बराचसा पटतो. १८७० च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मान्यवर चित्रप्रदर्शनात, पदक मिळवणारा हा चित्रकार युरोपीय अभिरुचीला नेमके हवे तेच देत होता, आणि त्याने वापरलेल्या डांबरी रंगाने त्याची चित्रे पुढे काळवंडत गेली.

१८९६ मध्येच हंगेरियन चित्रकार शिमोन होलोशी म्युनिकमधले आपले विद्यार्थी घेऊन नॉज्बान्याला (आज रुमानियातले बाया मारे) उघड्यावर चित्रे काढायला गेला. (चित्रकार अमृता शेर-गिलचे मामा एर्विन बक्तय हे याच होलोशीचे शिष्य, हे आपल्या वाचकांसाठी जाता जाता.)

राहता राहिला योझेफ रिप्पल-रोनाई. पॅरिसमध्ये ‘नाबी’ या तरुण चित्रकारांच्या गटात वावरून हंगेरीतल्या कापोश्वारला परतल्यावर काही वर्षांनी त्याने शुद्ध रंगाचे जाड ठिपके मक्याच्या दाण्यांसारखे शेजारीशेजारी मांडायला सुरुवात केली. आपण इथे ठिपक्यांनी चित्रे रंगवणाऱ्या सरा या फ्रेंच चित्रकाराचे नाव घ्याल. पण सराचे बारीक ठिपके दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत एकमेकांत मिसळावेत अशी योजना असते, तर रिप्पल-रोनाईचे ठिपके ठळक बाह्यरेषांच्या आत सुटेच राहतात. या रीतीचा पॅरिसमधला मूळ नमुना आपल्याला ठाऊक असल्यास अवश्य कळवावा.